सप्तरंगीचा काढा आणि शुगरची गोळी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोकणातल्या आठवडी बाजारात सप्तरंगीच्या मुळांचे तुकडे विकायला असतात. "शुगरवर एकदम गुणकारी," विकणारी मावशी सांगते.

मावशी खोटं बोलत नाही. सप्तरंगीत सॅलासिनॉल नावाचं द्रव्य असतं. आपण भात जेवतो, पेज पितो, त्यातल्या पिष्टाची साखर आतड्यात होते. ती करणाऱ्या पाचक रसांना हे द्रव्य अडवतं, म्हणून रक्तात साखर सावकाश चढते. अकार्बोज नावाची गोळी अगदी हेच काम करते. आणि घरोघरी पोचलेली मेटफॉर्मिन? तिचं मूळही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रोपात आहे. फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ साली मधुमेहावर तिचा गुण दाखवून दिला. तेव्हा झाडपाल्याला नावं ठेवायला मी आलेली नाही.

मला काळजी वाटते ती मापाची. गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. काढ्याचं तसं नाही. मूळ जून की कोवळं, किती उकळलं, यावर त्याची ताकद बदलते.

गेल्या पावसात लावणीच्या दिवसांत एका काकांना माझ्या दवाखान्यात उचलून आणलं. दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. साखर ५२, सत्तरच्या खाली गेली की धोका. सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, वर पेलाभर काढा, आणि घाईत पेज प्यायची राहिलेली. काढ्याचं आधी का नाही सांगितलंत, विचारलं, तर म्हणाले, "झाडाचा औषध तो, तेचा काय सांगूचा?"

तेच सांगायचं, काका. काढा औषधासारखा लागू पडतो, म्हणूनच सांगायचं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी, बेडकीचा पाला, काहीही रोज घेत असाल तरी सांगायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि इन्सुलिन तर मुळीच नाही.

सप्तरंगी घेणाऱ्यांच्या घरी ग्लुकोजची पूड असू द्या. साखर उतरली की तीच पाण्यातून पाजा. साध्या साखरेचं पचनही सप्तरंगी लांबवते, ग्लुकोजला पचावं लागत नाही. पूड नसेल तर मात्र थांबू नका, साखरपाणी द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ती मुळांची पुडीही पिशवीत टाका.