चौकटीची उजवी कड

वृत्तमाध्यमांतील प्रतिमांचा अभ्यास म्हटले की विद्यार्थी लगेच चित्राच्या अर्थाकडे वळतात. माझे म्हणणे असे की, चित्र आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आले, हे आधी पाहावे. त्यासाठी आज एकच छायाचित्र घेतो, ८ जून १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील त्रांग बांग गावाबाहेर टिपलेले. नापाम या अंगाला चिकटून जळणाऱ्या द्रव्याच्या बॉम्बने भाजलेली ९ वर्षांची किम फुक, अंगावर कपडा नाही, हात शरीरापासून दूर धरून रडत कॅमेऱ्याच्या दिशेने धावते आहे. डावीकडे तिचा भाऊ तोंड वासून आक्रोश करतो आहे. मागून सैनिक येत आहेत, आणि त्यांच्या चालीत काहीच घाई नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाहताना ध्यानात येते.

पहिला हात कात्रीचा. बहुतेकांनी पाहिलेले हे चित्र कापलेले आहे. मूळ चौकटीत उजव्या कडेला आपल्या कॅमेऱ्यात गुंतलेला आणखी एक छायाचित्रकार दिसतो. तो काढून टाकला की मुले त्या रस्त्यावर एकटी पडतात आणि त्यांच्यासमोर उभे असतो ते थेट आपण. याला मी खोटेपणा म्हणणार नाही, वर्तमानपत्रात रोज चित्रे कापली जातात. पण त्या घटनास्थळी अनेक कॅमेरे होते, चलतचित्रणही झाले होते, ही गोष्ट त्या कात्रीबरोबर प्रेक्षकाच्या नजरेआड गेली.

दुसरा हात ओळीचा, म्हणजे चित्राखालच्या मजकुराचा. बॉम्ब टाकणारे विमान दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाचे होते, तरी ते अमेरिकेचे होते असे आजही सर्रास सांगितले जाते. चित्रात विमान मुळी नाहीच. म्हणजे हा तपशील चित्राने दिलेला नाही, आपण तो आपल्या आठवणीतून त्यात भरला आहे.

तिसरा हात संपादकाचा. हे चित्र असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचे. तिच्या सायगाव (तेव्हाची दक्षिण व्हिएतनामची राजधानी) कार्यालयात नग्नतेच्या कारणावरून आक्षेप निघाला, परंतु तेथील छायाचित्र संपादक होर्स्ट फास यांनी आग्रह धरला आणि चित्र न्यूयॉर्कला गेले. २०१६ साली फेसबुकने हेच चित्र त्याच कारणावरून हटवले. नॉर्वेच्या ‘आफ्टेनपोस्टेन’ दैनिकाच्या संपादकांना पहिल्या पानावर मार्क झुकरबर्ग यांना उद्देशून पत्र छापावे लागले. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी टाकलेले चित्रही काढले गेले, तेव्हा कुठे निर्णय फिरला. सायगावमध्ये निदान वाद घालायला समोर माणूस होता. नियम यंत्रणेत बसवला की तो वाद घालण्यासाठी देशाचा पंतप्रधान लागतो, हे मला या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते.

उरले श्रेयनाम, म्हणजे चित्राखाली लिहिले जाणारे छायाचित्रकाराचे नाव. असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार निक उट यांना या छायाचित्रासाठी १९७३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. पन्नासहून अधिक वर्षांनी चित्र त्यांनीच काढले का, यावर वाद उभा राहिला आणि २०२५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने त्यांचे श्रेय स्थगित केले. असोसिएटेड प्रेसने मात्र ते कायम ठेवले, तरी आपल्या तपासात चित्र उट सांगतात त्या लायका कॅमेऱ्याऐवजी पेंटॅक्स कॅमेऱ्याचे असण्याची शक्यता अधिक, असेही नोंदवले. एकाच चित्राखाली आज दोन ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि वर्गात ते दाखवताना खाली काय लिहावे, हे मला दर वेळी नव्याने ठरवावे लागते.