पानाची मागची बाजू

[दृश्य: अंजनेरीचा पायथा, सकाळ, धुकं]

सकाळचे साडेसहा वाजलेत. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर हा अंजनेरीचा डोंगर, पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे गाडी लावायला जागा मिळत नाही, पण आज मधला वार आहे म्हणून नुसता पाऊस आहे आणि पुढे चाललेल्या आजी आहेत. या डोंगरावर एक कंदीलपुष्प सापडतं, सिरोपेजिया अंजनेरिका, शास्त्रज्ञांनी त्याला नावच या डोंगराचं दिलंय. ते बघायला लांबलांबून लोक येतात. आपण मात्र आलोय एका साध्या वेलीसाठी, जी कदाचित तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडवरही चढलेली असेल आणि तुम्ही तिच्याकडे कधी नीट बघितलंही नसेल.

गुळवेल.

[दृश्य: आजींचे हात, पान, विळा]

आजी बघा काय करतायत. पान तोडलं नाही, आधी उलटं केलं आणि अंगठा फिरवला. मागची बाजू गुळगुळीत लागली तर पुढे जायचं, हाताला लव लागली तर ती वेल सोडून द्यायची. कारण हुबेहूब हिच्यासारखी दिसणारी एक बहीण आहे, टिनोस्पोरा सायनेन्सिस, तिचंही पान बदामाच्या आकाराचं, तीही तशीच झाडावर चढते, पण तिच्या पानामागे लव असते. आजींना ते लॅटिन नाव माहीत नाही, त्यांना ते नकोही आहे, त्यांचा अंगठा पुरेसा आहे.

आता खोड. वरचा पापुद्रा नखाने सोलला की आतून हिरवंगार. आणि हा आडवा काप, जरा जवळून बघा, बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतायत ना? ही खूण आजींनी आम्हाला दाखवली आणि महिनाभराने कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली तेच चाक परत दिसलं तेव्हा आमच्या कॅमेऱ्यामागचा मुलगा ओरडलाच, तो आवाज आम्ही एडिटमध्ये ठेवलाय.

वेल कापतानाही आजी मुळापासून उपटत नाहीत. मधला तुकडा घेतात, वरचा भाग झाडावर तसाच लोंबकळत राहतो आणि त्याला दोऱ्यासारखी मुळं फुटून ती हळूहळू जमिनीपर्यंत येतात. मरतच नाही ही. म्हणून तर संस्कृतात हिचं एक नाव अमृता. भावप्रकाशात गोष्ट आहे, रावण मारला गेल्यावर इंद्राने रणात पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं आणि त्यांच्या अंगावरून थेंब जिथे जिथे पडले तिथे ही वेल उगवली. पंचवटीतल्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको, आणि अंजनेरीच्या माणसाला तर नकोच, हनुमानाचा जन्म इथलाच मानतात.

[दृश्य: अंगण, पाटा, पातेलं]

हे शूटिंग उन्हाळ्यातलं आहे. गुळवेलीचं सत्त्व. अंगठ्याएवढं जाड, ताजं खोड लागतं, वाळलेलं चालत नाही. पापुद्रा काढायचा, तुकडे करायचे, ठेचायचे, आणि पाण्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी तेच पाण्यातच हाताने कुस्करत राहायचं, पाणी फेसाळतं, गढूळ होतं, मग फडक्यातून गाळायचं. आणि आता खरी परीक्षा, काहीच करायचं नाही. भांड्याला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही. काही तासांनी तळाला पांढरा साका बसतो. वरचं पाणी अगदी सावकाश ओतून टाकायचं, हे पाणी ओतायचं काम आजी कोणालाच देत नाहीत, सुनेलाही नाही. मग साका परातीत पसरून वाळवायचा. पाटीभर वेलीतून शेवटी हातात काय उरतं ते स्क्रीनवर दिसतंय.

रसायनशास्त्र म्हणेल की हा बराचसा स्टार्च आहे, आणि ते बरोबर आहे. पण त्या स्टार्चबरोबर आणखी काय उतरतं, किती उतरतं, कोणत्या ऋतूत जास्त उतरतं, हे प्रश्न अंगणात सुटत नाहीत, त्यासाठी आपल्याला शहरात परत यायला लागतं.

[दृश्य: प्रयोगशाळा, अंधार, निळा प्रकाश]

ही नाशिकमधल्या एका आयुर्वेद कॉलेजची लॅब. काचेच्या प्लेटवर सिलिकाचा पातळ थर असतो, त्याच्या खालच्या कडेला अर्काचा बारीक ठिपका द्यायचा आणि प्लेट द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं आणि अर्कातली द्रव्यं आपापल्या वेगाने मागे-पुढे राहतात, वारीत दिंड्या सुटतात ना, तसं. मग लाइट बंद आणि ३६६ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा चालू.

बघा.

ही पिवळी चमक बर्बेरिन आणि त्याच्या गोतावळ्यातल्या द्रव्यांची. मगाशी साध्या प्रकाशात जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे हे पट्टे उमटलेत. प्रत्येक वनस्पतीचे पट्टे वेगळे, एका अर्थाने तिच्या अंगठ्याचा ठसाच. बाजारातून आणलेल्या चूर्णाचा ठसा शेजारी लावायचा आणि बघायचं, हीच का ती.

आणि हा प्रश्न किरकोळ नाही. कोविडच्या काळात लोकांनी दिसेल ती वेल कापून काढे केले, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, आयुष मंत्रालयाने वेलीची ओळखच नीट तपासलेली नाही असा आक्षेप घेतला, पुढे देशातल्या बऱ्याच केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासातही असे रुग्ण आढळले, त्यामुळे लिव्हरचा किंवा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

[दृश्य: जुन्या मुंबईचे फोटो, केईएम]

माणसांवरचं काम आपल्याकडे फार आधी सुरू झालंय. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर, हो, मराठीत इतकं सुंदर लिहिणाऱ्या त्याच, त्या आणि त्यांचे सहकारी आधुनिक फार्माकोलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या पद्धतीने गुळवेलीकडे बघत होते, जेव्हा मोठ्या हॉस्पिटलात काढ्याचं नाव काढणंही अवघड होतं. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने अडथळ्याची कावीळ, म्हणजे पित्ताची वाट अडल्याने होणारी कावीळ, झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास छापला. दोन गट, एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत गुळवेल, आणि ऑपरेशननंतर गुळवेलीचा गट चांगला टिकला. ३० म्हणजे थोडेच, त्यावरून सगळ्यांना गोळी द्या असं कोणी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारायची रीत बघा, वेल शरीराच्या प्रतिकारशक्तीला नेमकं काय करते, कोणत्या पेशी जाग्या होतात, हे त्यांनी मोजायला घेतलं. मला वाटतं, मराठी घरांमध्ये ही गोष्ट आजीच्या बटव्याइतकीच माहीत असायला हवी.

[दृश्य: परत अंजनेरी, पाऊस]

आता एक गोष्ट, जिचं फुटेज आमच्याकडे नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरात काणी आदिवासींनी शास्त्रज्ञांना एक झाड दाखवलं, आरोग्यपच्चा, त्याची फळं खाऊन ते दिवसभर न थकता चालायचे. त्यातून 'जीवनी' नावाचं औषध आलं, आणि संशोधन संस्थेने लायसन्सची फी आणि रॉयल्टी यातला अर्धा वाटा काणी लोकांना द्यायचं ठरवलं. अर्धा! पुढे २००२ चा जैवविविधता कायदा आला, गावोगावी समित्या, लोक जैवविविधता नोंदवही, त्यात कोणत्या पाड्यावर कोणाला कशाचं ज्ञान आहे ते लिहायचं. आमचं म्हणणं एवढंच की ही नोंदवही आजींच्या अंगणात बसून भरली पाहिजे, आजी आहेत तोवर.

[दृश्य: कॉलेज, हर्बेरियम, विद्यार्थिनीचे हात]

हा शेवटचा भाग. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. आजींनी दिलेली फांदी त्यासाठी वर्तमानपत्रात दाबून ठेवली होती, रोज कागद बदलत, नाहीतर बुरशी धरते. आता ती पांढऱ्या शीटवर चिकटतेय. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. नाव, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. ठिकाण, अंजनेरी पायथा, तालुका त्र्यंबकेश्वर. आधार, कडुनिंब. संग्राहक, इथे विद्यार्थिनीचं नाव. छापील लेबलवर पुढची ओळ नव्हती, तिने पेनने आखली आणि लिहिलं, माहिती देणाऱ्या, आणि पुढे आजींचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, जसं त्यांनी सांगितलं तसं.

शीटवर सगळी पानं सुलटी लावत नाहीत. एक पान मुद्दाम उलटं लावायचं असतं, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी कपाट उघडलं तरी त्याला मागची बाजू बघता येईल. विद्यार्थिनीने ते पान उचललं, उलटं केलं, आणि चिकटवायच्या आधी त्यावरून एकदा अंगठा फिरवला.