दहाच्या आत

(दुपार. लॉन्सवर खुर्च्या उतरतायत. दोन पोरं वायरचं भेंडोळं ओढत नेतायत.)

नाशिक, गंगापूर रोड. रिसेप्शन संध्याकाळी आहे, पण डीजेचा टेम्पो दुपारीच येऊन लागलाय. स्पीकर अजून उतरलेले नाहीत. डीजे शोधतोय तो लाइटचा बोर्ड. स्टेजच्या लाइटी, आचाऱ्याचा मिक्सर आणि साउंड एकाच लाइनवर आले, की स्पीकरमधून रात्रभर 'घूंऽऽ' ऐकत बसावं लागतं. म्हणून तो साउंडला वेगळा फेज मागून घेतो, अर्थिंग बघतो. लॅपटॉप आणि साउंडचा मिक्सर मात्र यूपीएसवर. लाइट गेली तर जनरेटर उचलेपर्यंत स्पीकर गप्प होतील, पण साउंडचा मिक्सर पुन्हा सुरू होण्याची वाट बघत मंडपभर माणसं ताटकळणार नाहीत.

लॉन्सचे मॅनेजर विचारतात, "गाण्यांचं लायसन आहे का?" डीजे मोबाइल पुढे करतो. त्यात केंद्र सरकारची जुलै २०२३ ची जाहीर सूचना आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे, तिथे वाजवलेल्या गाण्यांवर रॉयल्टी मागता येत नाही, असं तीत म्हटलंय. मॅनेजर वाचतात, मान हलवतात, चहा सांगतात.

'डीजे' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. नाव तिने घालवलं, बोल यालाही लागतात. पण रिसेप्शनचा डीजे हा धंदाच वेगळा. इथलं निम्मं काम आवाज खाली ठेवण्याचं असतं.

(स्टेज. नवरीचे मामा माइक घेतायत. कॅमेरा मिक्सरवर.)

माइक हातात आला की माणूस आधी काय करतो, बघा. बोटाने टकटक, मग फुंकर. मामा पायरी चढताना दिसले तेव्हाच याने त्या माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढलाय. टकटक झाली, ऐकली कुणीच नाही. मामांनी 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं, फेडर वर.

बोलता बोलता मामा थेट स्पीकरच्या पुढ्यात येतात. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र लागलं की कान फाडणारी शिट्टी सुरू होते. आज होत नाही. दुपारी रिकाम्या मंडपात याने ती शिट्टी मुद्दाम वाजवून घेतली होती, आणि ज्या ज्या पट्टीत ती वाजली, ती ती पट्टी इक्वलायझरवर दाबून ठेवली होती. माइकमधले पेन्सिल सेलही आजच बदललेत. मामांचं भाषण लांबतं. त्यावर मात्र अजून बटण निघालेलं नाही.

(प्रवेशद्वार. नवरा-नवरी. वर ड्रोन.)

एंट्री. गाण्यात ज्या क्षणी ढोल पडतो, तिथे याने आधीच खूण करून ठेवलीय. जोडी निघते, आणि चार पावलांवर फोटोग्राफर हात आडवा करतो, "थांबा, परत मागून या." गाणं थांबवलं तर सगळं मुसळ केरात. डीजे आठ मात्रांचा एक तुकडा पकडतो आणि तोच फिरवत ठेवतो. पाहुण्यांना वाटतं, गाणंच असं आहे. शालूच्या निऱ्या सावरून होतात, फोटोग्राफरचा अंगठा वर जातो, तुकडा सुटतो. कोल्ड पायरोवाल्याची, म्हणजे ठिणग्यांचं मशीन चालवणाऱ्याची, नजर एवढा वेळ डीजेच्या हातावर होती. ढोल आणि ठिणग्या एकदमच.

मग भेटायची रांग. तासभर, कधी जास्तच. आता बासरी, सनई, जुनी गाणी. आवाज इतकाच, की टेबलापलीकडच्या आत्याबाईंना ओरडून विचारावं लागू नये. अधूनमधून माइक. "आलेल्या सर्वांनी जेवण करूनच जावे, ही आग्रहाची विनंती." "एमएच १५, पांढरी गाडी, गेटसमोरून काढून घ्यावी." आणि सत्काराच्या चिठ्ठ्या. त्या चार हातांतून येतात, आणि कुणाचं नाव आधी पुकारायचं यात मानपान असतो. म्हणून दोन्हीकडच्या एकेका जाणत्याला डीजेने आधीच गाठून ठेवलंय. त्यांनी नंबर टाकल्याशिवाय एकही चिठ्ठी वाचली जात नाही.

(घड्याळ. नऊ वाजून गेलेत.)

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. वरात आमच्या कॅमेऱ्यात नाही. ती रेंगाळली आणि सगळंच मागे पडलं, एवढं कळलं. पण दहा वाजायचे ते दहालाच वाजणार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त हॉलची गोष्ट वेगळी, हे लॉन्स आहे. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आपलं साधं बोलणंसुद्धा ६० च्या घरात जातं.

त्यामुळे याचा हिशोब दहापासून उलटा चालतो. भावंडांचा डान्स पुढे घ्यायचा, केक रांगेच्या मध्येच कापायचा. डान्सचं गाणं व्हॉट्सअॅपवर तीनदा आलंय, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि नुसतं 'हेच लाव'. त्याने तिन्ही ठेवलीत, आणि वाजवायच्या आधी करवल्यांना हेडफोन लावून ऐकवलीत.

(नाच. आज्जीसुद्धा.)

हिंदी गाण्यांचा ठेका बहुतेक चारचा. कोळीगीत, लावणी आली की ढोलकी बऱ्याचदा सहाच्या चालीत जाते. दोन ठेके एकमेकांवर चढवले तर नाचणाऱ्यांचे पाय अडकतात. म्हणून तो हिंदी गाणं घुमवत विरू देतो, माइकवर एकच आरोळी देतो, आणि ढोलकी कोऱ्या जागेवर सुरू होते. मंडप उठतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त फुटेज याच पाच मिनिटांचं आहे.

दहाला पाच मिनिटं कमी. नवरदेवाचा मित्र पाचशेची नोट नाचवत येतो, "दादा, एकच!" डीजे हसतो, मनगटावरचं घड्याळ दाखवतो, माइक नवरीच्या वडिलांकडे देतो. आभार सुरू होतात.

दहानंतर वाजलं तर ११२ ला फोन जातो, सामान जप्त होऊ शकतं. उरलेले पैसे कधी मिळतील ते त्या त्या घरावर. आणि रोज या आवाजात उभं राहून कानांचं व्हायचं ते होतंच. टेम्पो भरायला चौघं लागतात. जड म्हणून बेसचे स्पीकर आधी चढतात. उद्याची ऑर्डर सिन्नरला, हळदीची, सकाळी नऊची.