शिफारसपत्र कोण लिहिणार?

(कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांनी विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोर बघतो तर मुलांपेक्षा पालक जास्त दिसतायत. बरंच झालं. आज बोलायचंय ते निम्मं पालकांसाठीच आहे, आणि उरलेल्यातलं निम्मं माझ्यासारख्या मास्तरांसाठी.

बारावीनंतर अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात जायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: 'सर, कटऑफ किती लागतो?' कटऑफ नसतो. मेरिट लिस्ट नाही, कॅप राउंड नाही, आणि नकार आला तर का आला हेही कुणी सांगत नाही. मार्क लागतात, चांगलेच लागतात, आणि नववीपासूनचे लागतात. सोळाशे मार्कांची एसएटी नावाची प्रवेशपरीक्षा असते, एमआयटीनं ती २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. पण एमआयटीत पदवीच्या पहिल्या वर्षाला साधारण अकराशे मुलं घेतात आणि त्यातली परदेशी दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अख्ख्या जगातून शे-सव्वाशे. अर्ज करणाऱ्या बहुतेकांचे मार्क उत्तमच असतात, मग निवड मार्कांवर होणार तरी कशी?

दुसरा प्रश्न पैशाचा. 'सर, नव्याण्णव पर्सेंटाइल असेल तर स्कॉलरशिप किती मिळते?' शून्य. एमआयटी काय किंवा आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या जुन्या विद्यापीठांचा गट काय, तिथे हुशारीसाठी वेगळी स्कॉलरशिपच नाही. मदत मिळते ती आई-वडिलांची ऐपत बघून. राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च पंचाऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो, म्हणजे सत्तर लाखांच्या वर. त्यातलं घरच्यांना किती झेपेल याचा हिशोब करून उरलेलं विद्यापीठ भरतं. कर्ज नव्हे, मदत.

इथे एक मेख आहे. काही विद्यापीठं परदेशी मुलाची निवड करताना त्यानं मदत मागितलीय का हे बघतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट ही त्यातली जुनी नावं. डार्टमथनं २०२२ मध्ये तसं जाहीर केलं, ब्राउननंही अलीकडे सुरू केलं. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल बघतात, म्हणजे तिथे मदत मागणं निवडीच्या आड येऊ शकतं. शिवाय स्टॅनफर्डला अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. 'आधी अॅडमिशन होऊ दे, पैशाचं मग बघू' हा आपला खाक्या तिथे चालत नाही. बर्कली आणि लॉस एंजेलिसची सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेवर मदत देत नाहीत. नाव कितीही मोठं असो, पैसे नसतील तर ती यादीत घालू नका.

म्हणून मी म्हणतो, निबंधाच्या आधी घरातली कागदांची पिशवी काढा. मदत मागायला सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो. त्यात उत्पन्न, घर, बचत, देणी, घरात शिकणारी माणसं किती, सगळं विचारतात. नोकरदाराकडे फॉर्म १६ आणि आयटीआर असतो, त्याचं सोपं आहे. शेतकऱ्यानं आयटीआर भरलेलाच नसतो. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, कारखान्याची उसाची बिलं, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि वर साध्या शब्दांत एक चिठ्ठी: जमीन किती, पाऊस कसा, यंदा हातात काय आलं. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असतील तर तेही लिहायचं. नाहीतर तिथला माणूस अख्खी जमीन तुमचीच धरून बसेल.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. अर्ज मुलाचा असला तरी फाइल बरीचशी दुसऱ्यांनी भरायची असते. शाळेचा अहवाल, मार्कांची पत्रकं, प्राचार्य किंवा समुपदेशकाचं पत्र, आणि बहुतेक ठिकाणी दोन शिक्षकांची शिफारसपत्रं. ती शिक्षकानं थेट पाठवायची, मुलाच्या हातात द्यायची नाहीत. आणि आपल्याकडे अकरावी-बारावीत काय चालतं? प्रवेश कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. दोघांचा टायअप असतो. मुलगा कॉलेजात येतो तो प्रॅक्टिकलपुरता, कधी तोही नाही. ऑक्टोबरात अचानक दारात उभा, 'सर, रेकमेंडेशन पाहिजे होतं.' बाळा, मी तुला ओळखत नाही, लिहू काय?

मग क्लार्क कपाटातून जुना नमुना काढतो. लेटरहेड, जावक क्रमांक, गोल शिक्का, आणि मजकूर असा: 'सदर विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व होतकरू असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' हा वर्तणुकीचा दाखला झाला. यातून तो मुलगा आणि त्याच्या शेजारी बसणारा मुलगा वेगळे कळत नाहीत.

मी एका मुलीचं पत्र लिहिलं होतं, त्यातला एक परिच्छेद सांगतो. मीटर ब्रिजचा प्रयोग होता. शून्यबिंदू काही केल्या जागेवर येईना. बाकीच्या बॅचनं मागच्या वर्षीच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवलं आणि सह्या घेऊन मोकळी झाली. हिनं आपलं चुकीचं रीडिंग तसंच लिहिलं, खाली लिहिलं 'असं का येतंय कळत नाही', आणि जेवणाच्या सुट्टीत परत आली. रेझिस्टन्स बॉक्सचा एक प्लग सैल होता. तो घासून घट्ट बसवला आणि सगळी रीडिंग्ज पुन्हा घेतली. एवढंच लिहिलं, माझ्या साध्या मास्तरी इंग्रजीत. 'प्रामाणिक' आणि 'जिज्ञासू' हे शब्द एकदाही वापरले नाहीत. असं लिहिता यावं म्हणून शिक्षकानं मुलाला निदान वर्षभर बघितलेलं लागतं. म्हणून अकरावीत वर्गात बसा. एमआयटी तर एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं मागते. सायन्सच्या पोरांनो, मराठीच्या मॅडमच्या तासाला कॅन्टीनमध्ये बसायच्या आधी हे लक्षात ठेवा.

उपक्रमांची यादी हा असाच एक फसवा प्रकार. कॉमन अॅप म्हणजे बऱ्याच विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात दहा उपक्रम मावतात, प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. पालक लगेच एनजीओ शोधायला लागतात, बारावी सुरू व्हायच्या आधीच्या मे महिन्यात पोरगं झाडं लावतानाचे फोटो काढतं. पण त्या फॉर्ममध्ये 'घरच्या जबाबदाऱ्या' असाही एक प्रकार आहे, तो कुणी वाचतच नाही. शेतीची लाइट रात्रीची असताना जो मुलगा बाराला उठून मोटर चालू करतो, पाण्याच्या पाळ्यांची वही ठेवतो आणि सकाळी एसटीनं कॉलेजला येतो, त्यानं ते लिहावं. किती वाजता, आठवड्यातून किती तास, किती एकर. लाजायचं काय त्यात?

निबंधावर मी कमी बोलतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. कॉमन अॅपचा मुख्य निबंध साडेसहाशे शब्दांत बसवायचा. नमुनाच हवा तर आनंदीबाई जोशींचं १८८३ चं पत्र मिळवून वाचा. अमेरिकेत पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेलं. वय अठरा. तुमच्या सगळ्या अटी मी कदाचित पूर्ण करत नसेन, हे त्या स्वतःच सांगतात. मग कुणाचा विरोध पत्करून आले आणि कशासाठी आले, ते लिहितात. १८८६ मध्ये त्या तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

तारखा लिहून घ्या. लवकरची फेरी बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. लवकरच्या फेरीतला 'अर्ली डिसिजन' हा प्रकार बांधील असतो, मिळालं तर जावंच लागतं. नेहमीच्या फेरीचा निकाल मार्चअखेर, होकार बहुधा १ मेपर्यंत कळवायचा. म्हणजे बारावीच्या सराव परीक्षा, प्रॅक्टिकल, जेईई हे सगळं ऐन त्यात येतं. सीईटीचा फॉर्म मात्र भराच. प्रवेश मिळाला तरी पुढे आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, आणि व्हिसाची मुलाखत उरते, आणि २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच काही आठवडे बंद होतं.

मागून चिठ्ठी आलीय, 'कन्सल्टंट लावावा का?' फॉर्म समजावून सांगण्यापुरता, खिशाला परवडत असेल तर लावा. पण निबंधही तोच लिहिणार आणि सरांचं पत्रही तोच टाइप करून आणणार असेल तर नको. बऱ्याच विद्यापीठांत फाइली प्रदेशानुसार वाटलेल्या असतात. तुमच्या गावातल्या चार मुलांच्या फाइली एकाच माणसाच्या टेबलावर येऊ शकतात, आणि चौघांच्या चार मास्तरांचं इंग्रजी एकसारखं निघालं तर ते त्याला पहिल्या पानावरच कळतं. दुसरी चिठ्ठी अर्जाच्या फीची आहे. फी परवडत नसेल तर ती माफ करा असं सांगता येतं. कॉलेजकडून अडचणीचं पत्र मागतील, ते प्राचार्यांकडून दिवाळीच्या सुट्टीआधी घेऊन ठेवा. सुट्टी लागली की ऑफिसला कुलूप असतं.