वालपाराइसोच्या चढावर

नमस्कार श्रोतेहो.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, सान्तियागो या राजधानीपासून बसने दीड-दोन तासांवर वालपाराइसो हे बंदर आहे. तिथे मित्रांबरोबर घालवलेल्या एका दिवसाविषयी आज बोलतो. शहराची रचना सोपी आहे. खाली समुद्रालगत सपाट पट्टी, तिला तिथले लोक ‘एल प्लान’ म्हणतात. कचेऱ्या, बँका, बाजार सगळं तिथे. आणि मागे चाळीसहून अधिक टेकड्या, त्यांच्या अंगाखांद्यावर घरं. म्हणजे कुठेही जायचं तर चढायचं.

आमच्यातल्या एकाने पायऱ्या बघताच जाहीर केलं, “मी खालीच बसतो, तुम्ही या जाऊन.” त्याची सोय या शहराने एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली आहे. तिथे ‘आसेन्सोर’ आहेत. तिरप्या रुळांवर दोन डबे, एकाच तारदोराला बांधलेले. एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. त्यातला पहिला, कॉन्सेप्सियोन टेकडीवरचा, 1883 सालचा. आम्ही सोतोमायोर चौकाजवळून एल पेराल घेतला. आत जेमतेम काही माणसं मावतील एवढी जागा, पायाखाली करकरणाऱ्या फळ्या, आणि खिडकीतून बघता बघता क्रेन आणि बोटी खाली जातात. मिनिटभरात आपण आलेग्रे टेकडीवर. न चढणारा मित्र नंतर प्रत्येक टेकडीवर आधी आसेन्सोर कुठे आहे तेच विचारत होता.

आता रंगांविषयी. पिवळं घर, त्याला लागून जांभळं, मग विटकरी, मग आकाशी. बोटी रंगवून उरलेला रंग लोकांनी घरांना फासला, अशी गोष्ट गाइड हमखास सांगतात. मला त्यापेक्षा भिंती जास्त सांगून गेल्या. जवळ जाऊन हात लावला तर कळतं, बाहेरून नागमोडी पत्रा ठोकलाय, आत लाकूड नि माती. आणि पत्र्याला खारी हवा काय करते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. रंग दिला नाही तर गंज खातो. खिळ्यांभोवती तो तांबूस ओघळ दिसतच होता.

दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून येणारी जहाजं पूर्वी इथे थांबत, त्यावर शहर गबर झालं. 1906 साली मोठा भूकंप झाला, 1914 साली पनामा कालवा उघडला आणि जहाजांनी वाट बदलली. पैसा आटला. माझं मत विचाराल तर त्यामुळेच जुनी घरं वाचली. पाडून टोलेजंग बांधायला कुणाकडे होतं काय? 2003 साली युनेस्कोने जुन्या भागाला जागतिक वारसा म्हटलं.

दुपारी फ्लोरिडा टेकडीवर कवी पाब्लो नेरुदांचं घर पाहिलं, ‘ला सेबास्तियाना’. 1961 साली ते इथे राहायला आले. अरुंद जिना, मजल्यावर मजला, दिवाणखान्यात गोल फिरणाऱ्या पाळण्यातला लाकडी घोडा, आणि जवळपास प्रत्येक खिडकीत समुद्र. तिथून उतरताना बेयाविस्ता टेकडीवर भिंतींवरच्या वीस चित्रांचं उघडं संग्रहालय लागतं. काही चित्रांचे पोपडे निघालेत. बाकीच्या गल्ल्यांत नवी चित्रं इतकी, की आमच्यातली फोटो काढणारी मंडळी मागेच राहिली.

पण एक सांगतो. पर्यटक फिरतात त्या टेकड्या खालच्या. त्याच्याही वर, ओढ्यांच्या घळींत, गरिबांची वस्ती आहे. 2014 च्या एप्रिलमध्ये जंगलातला वणवा तिथे शिरला आणि दोन हजारांहून जास्त घरं जळाली. आमच्या हातातल्या पर्यटकांच्या नकाशावर तो भाग नव्हताच.

संध्याकाळी चोरियाना मागवली. बटाट्याच्या तळलेल्या कापांचा ढीग, वर परतलेला कांदा, गोमांस, अंडी. एकच ताट मध्ये ठेवून सगळे काटे चालवतात. आमच्या शाकाहारी मैत्रिणीने मांस नको म्हणून सांगितलं, वाढप्याने तिच्याकडे दयेने पाहिलं आणि कांदा दुप्पट आणला.

परतताना ट्रॉलीबस घेतली. 1940 च्या दशकातल्या अमेरिकी गाड्या अजून धावतात, वरच्या तारेवरून वीज घेत. वळणावर टपावरचा वीज घेणारा खांब तारेवरून निसटला की चालक उतरतो, मागे जाऊन दोरी ओढतो, खांब पुन्हा तारेला लावतो आणि निघतो. सान्तियागोच्या बस रात्रीपर्यंत सुटतात, त्यामुळे घाई नव्हती. आम्ही एक थांबा पुढे गेलो आणि चालत मागे आलो, सपाट रस्त्याने.

नमस्कार.