शेरखानची बाजू

[दृश्य: नागपूर-जबलपूर महामार्ग, सकाळ. ट्रकांची रांग. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल.]

निवेदन:
नागपूरहून जबलपूरकडं निघालं की आधी मनसर, मग देवलापार, मग खवासा. खवाशाला महाराष्ट्र मागं पडतो आणि सिवनी जिल्हा लागतो. रुडयार्ड किपलिंगनं १८९४ साली मोगलीला वाढवलं ते याच सिवनीच्या डोंगरांत. त्याच्या पुस्तकातली वैनगंगा म्हणजे आपलीच, भंडाऱ्यावरून वाहणारी.

[दृश्य: चित्रपट. नदीत उताणा तरंगणारा बल्लू, त्याच्या पोटावर मोगली.]

डिस्नेचा 'द जंगल बुक' आला १९६७ साली. वॉल्ट डिस्ने आदल्याच डिसेंबरात गेले होते. दिग्दर्शन वोल्फगांग राइदरमन यांचं, आणि मोगलीचा आवाज त्यांच्या मुलाचा, ब्रूसचा. लहानपणी बल्लू पडद्यावर आला की आम्हा पोरांना बसवत नसे. आजही बल्लूचं गाणं लागलं की पाय हलतातच.

आता बघताना चुका काढायच्या तर निघतात. माकडांचा राजा लुई हा ओरांगउटान आहे. तो प्राणी बोर्निओ-सुमात्राचा, सातपुड्यात त्याचं काय काम? किपलिंगच्या पुस्तकातही तो नाही. पण त्याला आवाज देणारा गायक लुई प्रीमा ज्या मस्तीत गायलाय, ती ऐकल्यावर असल्या चुका काढाव्याशा वाटत नाहीत.

माझं लक्ष आता अडतं ते एका लहानशा संवादावर.

[दृश्य: चित्रपट. रात्र. बघीरा आणि बल्लू बोलताहेत.]

शेरखानला मोगली का मारायचाय? लहानपणी हा प्रश्नच पडला नव्हता. वाघ आहे, दुष्ट आहे, विषय संपला. पण बघीरा कारण सरळ सांगतो: शेरखान माणसाच्या बंदुकीला आणि आगीला भितो. बल्लू म्हणतो, या पोराकडं यातलं काहीच नाही. त्यावर बघीरा म्हणतो, ते हातात येईपर्यंत शेरखान वाट बघणार नाही.

हा चित्रपट लागला तेव्हा आपल्याकडं वाघाची शिकार कायदेशीर होती. परवाना काढायचा, मचाण बांधायचं, हाकारे लावायचे. परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेणाऱ्या कंपन्या होत्या. १९७२ साली देशभरात मोजणी झाली, तेव्हा वाघ भरले १,८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. शेरखानची भीती शंभर टक्के खरी होती, आणि ती चित्रपटातच सांगून ठेवलेली होती.

[दृश्य: चित्रपट. शेपटीला जळती फांदी बांधलेला शेरखान पळतो.]

पुस्तकात शेरखान म्हशींच्या पायांखाली मरतो. चित्रपटात तो घाबरून पळून जातो. कुठं जातो, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडं मात्र तो प्रश्न रोजचा आहे.

[दृश्य: महामार्गाखालचा प्राण्यांसाठीचा भुयारी मार्ग. वर वाहनांची वर्दळ.]

हा रस्ता चौपदरी झाला तेव्हा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या पट्ट्यात जनावरांसाठी खालून नऊ वाटा ठेवाव्या लागल्या. सगळ्यांत रुंद वाट साडेसातशे मीटरची. कॅमेऱ्यांत वाघ तिथून जाताना टिपले गेलेत. वरून ट्रक, खालून वाघ. त्या वाटा आहेत म्हणून मला फार बरं वाटतं, आणि त्यांच्यासाठी भांडलेल्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

भीती एकट्या वाघालाच आहे, असं नाही. पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईलाही ती आहे, ढोरं चारायला नेणाऱ्या पोरालाही आहे. चित्रपटाच्या शेवटी मोगली पाणी भरणाऱ्या मुलीमागं गावात जातो आणि वाटतं, सगळं जागेवर आलं. पेंचच्या काठावर गाव आणि रान इतकं वेगळं कधीच नव्हतं. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं पाणी नागपूरच्या नळांना येतं, म्हणजे आपणही त्याच रानावर जगतो.

तुमच्या पोरांना हा सिनेमा जरूर दाखवा, बल्लूबरोबर नाचू द्या. फक्त बघीरा बोलायला लागला की आवाज थोडा वाढवा.