तीस इंचाचा कठडा

नमस्कार मंडळी, आज झोनिंग, म्हणजे शहरात कुठल्या प्लॉटवर काय आणि किती बांधायचं ते ठरवणं. रहिवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग भरलेला नकाशा तुम्ही बघितलेला असणारच, ते मी सांगत बसत नाही. बदल दोन ठिकाणी होतो, नकाशात नाहीतर नियमात. नकाशा बदलला की ठराविक प्लॉटांचा रंग बदलतो, नियमातला एक शब्द बदलला की त्या रंगाचे झाडून सगळे प्लॉट बदलतात. परत सांगतो, नकाशा म्हणजे काही प्लॉट, नियम म्हणजे सगळे. आणि गर्दी होते ती नकाशासमोर!

यावरून माझी आवडती गोष्ट, न्यूयॉर्कची. 1915 साली तिथं इक्विटेबल बिल्डिंग झाली, 38 मजले, सरळसोट, खालचे रस्ते सावलीत. लोक वैतागले, 1916 ला नियम आले, वर चढताना इमारत मागे घ्या. 1961 ला ते नियम नव्यानं लिहिले, इमारतीपुढं लोकांसाठी चौक मोकळा सोडा आणि वर जादा बांधकाम घ्या, दाट भागात तर चौकाच्या एका चौरस फुटाला दहा चौरस फूट बांधकाम. बिल्डरांनी चौक सोडले की हो, पण असे ओसाड की माणूस चालत पुढं निघून जाईल. मग विल्यम व्हाइट म्हणून एक गृहस्थ, पूर्वी मासिकाचे संपादक, त्यांनी वरून कॅमेरे लावले आणि तासन् तास बघत बसले की कोण कुठं टेकतंय. निष्कर्ष काय, तर माणसं बसतात तिथं जिथं बसायला जागा असते! हसू नका, हे कुणी नियमात लिहिलंच नव्हतं. मग कठडे मोजले, एक ते तीन फूट उंचीवर माणूस कुठंही टेकतो, आणि 30 इंच रुंद कठडा असला तर दोघं पाठीला पाठ लावून बसतात. (कठड्यावर खिळे ठोकणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे, कबुतरांसाठी म्हणे, कबुतर कधी डबा घेऊन बसतं का?) तर 1975 ला नियम बदलला, चौकाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसायची जागा. आणि 30 इंची कठडा दोन्ही बाजूंनी मोकळा असेल तर दोनदा मोजायचा. नकाशावरचा एकही रंग हलला नाही, एकही नाही.

बाकी असा बदल करायची पद्धत साधारण सगळीकडे तीच, प्रस्ताव, नोटीस, हरकती-सूचना, सुनावणी, मग निवडून आलेल्यांचं मतदान. नोटीस मुंगीच्या अक्षरात का छापतात ते छापणाऱ्यालाच ठाऊक. हरकत लेखी द्या, नियमाचा नंबर घालून द्या, लेखी आणि नंबर घालून, नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहिलं तर तो कागद फायलीत जाऊन झोपतो. आणि मुदतीत द्या, कारण बदललेला नियम बहुतेक वेळा आधी मंजूर झालेल्या बांधकामाला लागत नाही, ते आहे तसंच राहतं.